नवा गेम तुझ्याकडे काय मागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डोंबिवलीहून रोज लोकलने दादरला येतो. फोनवर बीजीएमआय (पब्जी मोबाइलची भारतीय आवृत्ती) खेळतो, घरी एक जुना लॅपटॉप आहे. बाकी नव्या गेमबद्दल त्याला जे काही ठाऊक आहे ते यूट्यूबवरून. त्याला चार गोष्टी विचारायच्या आहेत: हातात पैसे नसताना नव्या गेमची ओळख कशी ठेवायची, नुसतं बघून मत बनवलं तर चालतं का, गेमवर मराठीत चॅनल काढावं का, आणि यातून पुढे काम मिळेल का.

मी मुंबईत बरीच वर्षं मोबाइल गेमच्या डिझाइनचं काम करतो, नव्या मुलांना शिकवतो आणि गेमवर लिहितोही. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तीन त्याच्यावर उभे आहेत. नुसतं बघून मत बनवू नकोस. बघण्याला माझा विरोध नाही, मीही बघतो. पण गेम हातांना आधी कळतो आणि डोळ्यांना मागाहून. हा क्रम उलटा झाला की माणूस गेमबद्दल तासभर बोलू शकतो आणि गेम मात्र त्याला कळलेला नसतो.

रॉकस्टार कंपनीच्या जीटीए सहा या गेमचंच घे. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, दुसरा मे २०२५ मध्ये. गेमची तारीख आधी २६ मे २०२६ वर गेली आणि मग नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉकस्टारने ती १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलली. एवढ्या काळात कंपनीने स्वतःहून दिलं ते म्हणजे हे दोन ट्रेलर, काही स्क्रीनशॉट आणि पात्रांची थोडी माहिती. त्यावर किती तासांचे व्हिडिओ निघाले ते तुझ्या फीडमध्येच दिसेल. माझ्या वर्गातली मुलं त्या गेमच्या नकाशावर न थांबता बोलतात. त्यात वेगात गाडी वळवताना हाताला काय जाणवतं, असं विचारलं की वर्ग शांत होतो. ते कळायला गेमच हातात यावा लागतो.

आता आलेल्या गेमकडे ये. क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३ हा गेम एप्रिल २०२५ मध्ये आला. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा हा पहिलाच गेम, आणि त्याच डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. त्याची कथा, संगीत, रंग हे सगळं तुला बघूनही कळेल. पण त्यातली लढाई आळीपाळीची आहे, आणि शत्रूचा वार येतो त्या नेमक्या क्षणी बटण दाबलंस तर वार परतवता येतो. स्ट्रीममध्ये हे सोपं दिसतं, कारण स्ट्रीमरच्या बोटांना ते जमून गेलेलं असतं. स्वतः खेळताना शत्रू हात उगारतो आणि मुद्दाम थांबतो. तुझं बोट आधीच पडतं, मार बसतो. पुढच्या वेळी तू जास्त थांबतोस, पुन्हा मार बसतो. मग डोळ्यांवरचा भरवसा कमी होतो आणि तू वाराचा आवाज ऐकू लागतोस. हे जे शिकणं आहे त्यावर डिझाइनरने महिनोन् महिने काम केलेलं असतं. व्हिडिओत नेमकं तेवढंच गाळलं जातं.

बलाट्रो हे दुसरं टोक. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा पत्त्यांचा गेम लोकलथंक या टोपणनावाने काम करणाऱ्या कॅनडातल्या एका माणसाने बनवला. बघताना त्यात काहीच घडत नाही: पत्ते सरकतात, आकडे फुगतात. खेळायला बसलास की प्रत्येक फेरीनंतरच्या दुकानात पेच पडतो. हातातल्या दर पाच डॉलरमागे एक डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त पाच. म्हणजे पंचवीस साठवून ठेवले तर दर फेरीला पाच आपोआप येतात. पण समोर असलेला जोकर (गुण वाढवणारं खास पान) आत्ता घेतला नाही तर पुढची फेरी निघेल याची खात्री नाही. वाचवू की खर्च करू, एवढ्या एका प्रश्नावर माणूस पहाटेपर्यंत जागतो. असा साधा नियम पाहिला की मला अजूनही हेवा वाटतो.

काही गेम तर बघूच नयेत. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८) मध्ये एका जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते तर्काने शोधायचं असतं. उत्तरं एकदा कळली की तो गेम तुझ्यापुरता संपला, आणि व्हिडिओ बघून तो संपवणं म्हणजे स्वतःचं मोठं नुकसान करून घेणं. याउलट बीजीएमआयची मोठी स्पर्धा, एखादा स्पीडरन (गेम कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत), किंवा कुठल्या मशीनवर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, किती पडतो याची तपासणी, हे बघण्याचेच विषय आहेत. लोकलच्या प्रवासात ते खुशाल बघ.

आता ज्यात माझं आयुष्य गेलं त्या विषयाकडे येतो. प्रत्येक गेम तुझ्याकडे काहीतरी मागतो. कोणी एकरकमी पैसे मागतो, कोणी सलग पन्नास-साठ तास, कोणी रोजची हजेरी. नवा गेम आला की चित्रं कशी आहेत हे विचारण्याआधी तो काय मागतो हे विचार.

फुकट मोबाइल गेम हजेरी मागतात. आमच्या धंद्यात नवा गेम बाजारात गेला की सगळ्यांचे डोळे तीन आकड्यांवर असतात: आज ज्यांनी गेम उतरवून घेतला त्यातले दुसऱ्या दिवशी किती परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. याला रिटेन्शन म्हणतात. तू रोज पाहतोस त्या बहुतेक गोष्टी या तीन आकड्यांसाठी जन्माला येतात. रोज लॉगिन केल्याचं बक्षीस पहिल्या दिवशी लहान आणि सातव्या दिवशी मोठं असतं ते म्हणूनच. सीझन संपण्याची तारीख सतत डोळ्यांसमोर असते तीही म्हणून. मित्र ऑनलाइन आल्याची सूचना तुला लेक्चरमध्ये मिळते, त्याचं कारणही हेच.

पैशांची बाजूही समजून घे. गेममधली वस्तू थेट रुपयांत न विकता मध्ये एक चलन घालतात. बीजीएमआयमध्ये यूसी, दुसरीकडे हिरे, तिसरीकडे नाणी. याने दोन कामं होतात. एक म्हणजे खर्च करताना रुपये डोळ्यांसमोर राहत नाहीत. दुसरं असं की चलनाची पाकिटं आणि वस्तूंच्या किमती सहसा जुळत नाहीत, त्यामुळे खात्यात थोडी शिल्लक उरते आणि ती वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढचं पाकीट घेतो. नशिबावरच्या क्रेट, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळता विकत घ्यायच्या पेट्या, त्याच्याही पुढे जातात. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये नियम केला की अशा पेट्यांतून काय मिळण्याची शक्यता किती आहे ते गेममध्ये दाखवावं लागेल. बेल्जियमने २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये नव्वदाव्या प्रयत्नापर्यंत पाच ताऱ्यांचं पात्र हमखास मिळतं, आणि हे ‘हमखास’ हाच त्यातला सापळा आहे: सत्तर प्रयत्न झालेल्या मुलाला आता थांबणं म्हणजे झालेला खर्च बुडवणं वाटतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये त्या गेमच्या कंपनीशी दोन कोटी डॉलरचा समझोता केला, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा पेट्या विकायला मनाई आहे. क्रेट उघडायचीच असेल तर आधी ती शक्यतेची टक्केवारी शोध. ती एक-दोन मेनूंच्या आत असते, पण असते.

हे सगळं वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. याच पैशांवर गेम फुकट मिळतो, आणि कन्सोल घेण्याची ऐपत नसलेल्या घरातला मुलगा साध्या फोनवर चार मित्रांसोबत स्क्वाड करून खेळतो. ही मोठी गोष्ट आहे. मी फक्त एक कसोटी देतो. या सीझनची सगळी बक्षिसं, सगळी मिशनं, रँकचं चिन्ह, सगळं आज काढून टाकलं तरी संध्याकाळी मॅच खेळावीशी वाटेल का? वाटली तर गेम तुझा आहे, मजेत खेळ. नाही वाटली तर तू हजेरी लावतो आहेस.

आणि गेममध्ये घेतलेल्या स्किन (पात्रांचे, बंदुकांचे सजवलेले वेश) तुझ्या मालकीच्या नाहीत हेही लक्षात असू दे. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅपच्या दुकानांतून गेला, मे २०२३ मध्ये परतला. तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांना विचार, तेव्हा त्यांना काय वाटलं होतं. परदेशातही हेच घडतं. सोनीचा कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, निदान पैसे तरी परत मिळाले. युबिसॉफ्टने २०१४ मधला द क्रू हा विकत दिलेला गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून कायमचा संपवला. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. माझी सहानुभूती पूर्णपणे त्या मोहिमेकडे आहे. विकत घेतलेला गेम घरी एकट्याने तरी चालला पाहिजे.

आता ऑनलाइन माध्यमांबद्दल. गेमला जशी तुझी हजेरी हवी तसा चॅनलला तुझा बघण्याचा वेळ हवा. त्यात पाप नाही, पण ते विसरूनही चालणार नाही. सायबरपंक २०७७ ची गोष्ट प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असायला हवी. १० डिसेंबर २०२० ला गेम आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती आणि तिच्यावर उत्तम गुण पडले. जुन्या कन्सोलवर मात्र गेम इतका मोडकळीला आलेला निघाला की आठवडाभरात, १७ डिसेंबरला, सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. तो परत यायला जून २०२१ उजाडला. म्हणून कुठलीही समीक्षा ऐकताना तीन गोष्टी शोध: कोणत्या मशीनवर खेळला, किती खेळून झाला, कॉपी कोणी दिली. बोलणाऱ्याने हे सांगितलंच नसेल तर पुढचं ऐकण्याची घाई करू नकोस.

हॉलो नाइट: सिल्कसाँगच्या वेळी वेगळंच घडलं. २०१९ मध्ये घोषणा झालेला हा गेम ४ सप्टेंबर २०२५ ला आला, आणि तो बनवणाऱ्या टीम चेरीने समीक्षकांना आगाऊ कॉपी दिलीच नाही. त्या दिवशी मोठमोठी संकेतस्थळं आणि डोंबिवलीचा मुलगा एकाच रेषेवर उभे होते. काही तासांतच ‘फार कठीण’, ‘अन्याय्य’ असे व्हिडिओ यायला लागले. पंधरा-वीस तास खेळून झाल्यावर लिहिलेलं मात्र दिवसांनी आलं. मी नेहमी त्या दुसऱ्या लिखाणाची वाट बघतो. असं लिहिणाऱ्या जागा कमी होत चालल्या आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९९१ पासून निघणारं गेम इन्फॉर्मर हे मासिक ऑगस्ट २०२४ मध्ये एका दिवसात बंद केलं गेलं, नशिबाने मार्च २०२५ मध्ये ते नव्या मालकाकडे परत सुरू झालं. पॉलिगॉन हे संकेतस्थळ मे २०२५ मध्ये विकलं गेलं आणि तिथल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

म्हणूनच मराठी चॅनलच्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम हो आहे. फक्त ट्रेलरवर प्रतिक्रिया देणारं आणखी एक चॅनल काढू नकोस. तुझ्याकडे जे आहे ते कॅलिफोर्नियातल्या यूट्यूबरकडे नाही. हिटमॅन २ (२०१८) मध्ये मुंबईची एक आख्खी मोहीम आहे: दाटीवाटीची वस्ती, अर्धवट बांधलेली इमारत, सिनेमाचं शूटिंग. त्याच गेममध्ये गर्दीत मिसळून लपण्याची सोय नव्याने आली. तू रोज संध्याकाळी दादरच्या पुलावरून चालतोस. आपली गर्दी कशी सरकते, कुठे तुंबते, माणसं एकमेकांना न बघता वाट कशी देतात, हे तुझ्या अंगात आहे. हिटमॅन बनवणाऱ्या डेन्मार्कच्या स्टुडिओने त्यातलं काय पकडलं आणि काय निसटलं, हे तू सांगितलंस तर मी तो व्हिडिओ पूर्ण बघेन.

विषय घरच्या अंगणातही आहेत. लुडो किंग नवी मुंबईच्या गेमेशनचा. टाळेबंदीत तुझ्या आजीनेसुद्धा कदाचित तो खेळला असेल, तर तिला समोर बसवून विचार की तिला त्यात काय आवडलं. रिअल क्रिकेट मुंबईच्या नॉटिलसचा. राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, इंडस हा बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकतो असा गेम (२०२४), पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. राजीची वास्तू आणि चित्रशैली सुंदर आहे, लढाई मला थोडी सैल वाटली. तू खेळून बघ, माझ्याशी असहमत झालास तर तोच पहिला व्हिडिओ कर. बोलताना लॅग, पिंग, लूट, ग्राइंड असे आपण खेळताना वापरतो ते शब्द तसेच ठेव. वाक्य मराठी असू दे.

व्हिडिओआधी वही. दर अर्ध्या तासाने गेम थांबवून तीन ओळी लिही: मी काय केलं, कुठे कंटाळलो, बंद करावंसं वाटलं तेव्हा कशाने थांबवलं. ही तिसरी ओळ सर्वांत कामाची. माझ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे नकोसं वाटतं, पण काही आठवड्यांत त्यांचं बोलणं बदलतं. ‘भारी आहे’ऐवजी ‘दुसऱ्या बॉसनंतर परत त्याच वाटेने चालायला लावतो, तिथे मी सोडला’ असं ते सांगायला लागतात.

चॅनल थोडं चाललं की पैशांचे प्रस्ताव येतात. जाहिरात घेतलीस तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिही. मुंबईच्याच अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी तसे नियम केले आहेत. पैसे लावून खेळण्याच्या अ‍ॅपची जाहिरात तर कितीही रक्कम आली तरी घेऊ नकोस. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात अशा खेळांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आहे, म्हणजे बीजीएमआयच्या स्पर्धेत खेळायला घाबरायचं कारण नाही.

पैशांचा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात नेक्स्ट फेस्ट नावाचा डेमोंचा महोत्सव वर्षातून तीनदा होतो, त्यात येऊ घातलेल्या गेमचे शेकडो डेमो फुकट मिळतात. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ‘डिजिट’ मासिकासोबत सीडी यायची आणि तिच्यातल्या डेमोंवर आम्ही वाढलो. तुझ्यासाठी ही तीच सोय आहे, कितीतरी मोठ्या प्रमाणावर. एपिकच्या दुकानात दर गुरुवारी गेम फुकट मिळतो. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. बलाट्रो, स्टार्ड्यू व्हॅली, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स, इन्टू द ब्रीच, पेपर्स प्लीज हे गेम जुन्या लॅपटॉपवर चालतात, सेलमध्ये स्वस्त असतात, आणि डिझाइन शिकायला महागड्या गेमपेक्षा सरस आहेत. लॅमिंग्टन रोडला जाऊन ग्राफिक्स कार्डावर उधारी करायची काही गरज नाही.

कामाबद्दल. मुंबई-पुण्यात टेस्टिंग, लेव्हल डिझाइन, गेममधल्या चलनाचं गणित, आर्ट, प्रोग्रामिंग अशी वेगवेगळी कामं आहेत. मे २०२५ मध्ये बीकेसीत वेव्हज ही मनोरंजन-माध्यमांची परिषद झाली आणि त्याच वर्षी पेडर रोडच्या एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) आवारात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, तिथे गेमिंगचे अभ्यासक्रम आहेत. चौकशी जरूर कर, पण तोवर थांबून राहू नकोस. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आणि मुक्त आहे, साधा द्विमितीय गेम तुझ्या लॅपटॉपवर आरामात बनेल. पहिला गेम पाच मिनिटांत संपणारा ठेव आणि पूर्ण कर, अर्धवट सोडू नकोस. तो कॉलेजच्या कट्ट्यावर अशा कोणाच्या तरी हातात दे जो गेम फारसे खेळत नाही, आणि शेजारी बसून एक शब्दही बोलू नकोस. तो कुठे अडतो, कुठे चुकीचं बटण दाबतो, कुठे फोन बाजूला ठेवतो ते लिहून घे. दुरुस्त कर, मग दुसऱ्याच्या हातात दे. असे दोन गेम पुरे झाले की नोकरीसाठी अर्ज करायला लाग, आणि अर्जासोबत ती वहीही पाठव.